साडेसातशे पानांचे घरमालक

त्या कादंबरीचं नाव मी इथं लिहिणार नाही. रशियन आहे, जुनी आहे, जगभर नावाजलेली आहे, एवढं पुरे. नाव लिहिलं की वाचणाऱ्यांपैकी कुणीतरी विचारणार, "तुम्ही वाचली आहे का?" आणि याच एका प्रश्नानं माझ्या उमेदीची पाच वर्षं खाल्ली.

चौऱ्याहत्तर साल असेल. मी भंडाऱ्याची, वय तेवीस, दिघोरीतल्या एका शाळेत मराठी शिकवायला नुकतीच रुजू झाले होते. एकट्या मुलीला गावात खोली कोण देणार, या काळजीत असताना कुणीतरी सांगितलं, "रशियावाल्याकडे पाहा. त्याची मागची खोली खाली आहे." रशियावाला म्हणजे काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

काका घरापुढच्या छपरीत खाटेवर बसले होते. पन्नाशीचे, उंच, हडकुळे, अंगात बंडी, पायांना गुडघ्यापर्यंत चिखल. शेतातून आले होते आणि पाय धुण्याआधीच पुस्तक उघडून बसले होते. मी खोलीचं विचारलं. त्यांनी भाडं सांगितलं नाही, पाणी कुठून आणायचं ते सांगितलं नाही. आधी माझ्या वडिलांचं नाव विचारलं, आणि मग ते जाडजूड पुस्तक माझ्यासमोर धरून म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या मास्तरीण. हे तर वाचलंच असंल?"

नाव माझ्या कानावरून गेलेलं होतं. कॉलेजात एका सरांनी दोनदा घेतलं होतं. सामान मी बस थांबते तिथल्या पानठेल्याजवळ ठेवून आले होते आणि अंधार पडायच्या आत मला डोक्यावर छप्पर हवं होतं.

"हो तर," मी म्हणाले, "कॉलेजात असतानाच वाचली."

काकांनी आत वळून हाक मारली, "ऐकलं का वो! चहा ठेव! घरात माणूस आला!"

आतून काकूंचा आवाज आला, "मंग इतके दिवस काय बैल राहत होते का घरात?"

खोली मला मिळाली. काकू, म्हणजे त्यांची बायको, या घरातलं एकमेव शहाणं माणूस आहे, हे मला त्या पहिल्या वाक्यावरून कळलं, आणि पुढच्या पाच वर्षांत त्यात फरक करावा असं काही घडलं नाही.

ती कादंबरी घरात आली कशी, हे काकूंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि नंतर महिन्यातून एकदा तरी सांगितलं. नणंदेच्या मुलीच्या लग्नात द्यायला पाणी भरायचा पितळेचा गुंड आणायला त्यांनी काकांना भंडाऱ्याला पाठवलं होतं. त्या दिवशी तिथं रशियन पुस्तकांची गाडी आलेली. त्या काळी अशी गाडी गावोगाव फिरायची. गुळगुळीत कागद, पक्की बांधणी, मराठी जराशी अवघडलेली, आणि किंमत चण्याफुटाण्याची. काकांनी सहज एक पुस्तक उचललं आणि गाडीच्या सावलीत उभ्याउभ्या वाचायला लागले. भांड्यांची दुकानं बंद झाली, गाडीवाल्यानं फळ्या लावल्या, शेवटची बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी काका घरी आले ते काखेत पुस्तक घेऊन. "माझी नणंद अजून म्हणते, वहिनीनं रिकाम्या हातानं लग्न जेवलं," काकू सांगायच्या. "आता तिले काय सांगू? तुझ्या भावाले बर्फ पडून राहिला होता म्हून सांगू?"

मी राहायला गेले तेव्हा काकांची पाचवी खेप चालू होती. शेवटचं पान झालं की ते पुस्तक मिटायचे, दोन दिवस कुणाशी फारसं बोलायचे नाहीत, तिसऱ्या दिवशी सकाळी परत पहिलं पान. दुसरं पुस्तक त्यांनी हातात घेतलेलं मी पाहिलं नाही. एकदा मी शाळेच्या कपाटातली एक चांगली मराठी कादंबरी आणून दिली. चार दिवसांनी त्यांनी ती परत केली. "चांगली आहे," म्हणाले, "पण यात माणसं लवकर बोलून मोकळे होतात."

रशियन नावांचा मला धसका होता. प्रत्येकाचं नाव तीन मजली, आणि त्यावर लाडाचं चौथं. काकांना त्याचं काही वाटत नसे. "आपल्यासारखंच आहे, बाई. पोराचं नाव, मधी बापाचं नाव, मंग आडनाव. त्यायले आपल्याइतकीच बापाची कदर आहे." एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण त्या लोकांत आदरानं हाक मारायची तर बापाच्या नावासकट मारतात, हे कळल्यापासून त्यांनी गावात तोच रिवाज सुरू केला. गडी उशिरा आला तरी "श्रावण डोमाजी, सूर्य कुठं आला पाहा!" मला तर हाक आली की शाळेचा हजेरीपट चालू आहे असं वाटायचं. बैलाची सुद्धा सुटका नव्हती. "हिऱ्या मोत्याचा" अशी हाक ऐकून तो बैल वळून पाहायचा, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आता माझी शिक्षा. वाचलेली असल्यामुळे मला कथा सांगायची गरज नव्हती, असं काकांचं म्हणणं. म्हणून ते मला कथा न सांगता थेट मर्मावर यायचे. मी वह्या तपासत असले की खिडकीशी येऊन म्हणायचे, "बाई, दोनशे चाळीस!" म्हणजे पान. "ती जिन्यावर थांबते, आठवलं?"

"वा! तो प्रसंग म्हणजे काय!" मी म्हणायची.

"आणि काहीच बोलत नाही!"

"त्याला तोड नाही, काका."

अशी वाक्यं मी दहा-बारा करून ठेवली होती. कोण जिन्यावर थांबते, का थांबते, ती बोलली असती तर काय झालं असतं, देव जाणे. सुट्टीत भंडाऱ्याला गेले की मी वाचनालयातून ते पुस्तक आणायची, या वेळी संपवायचंच म्हणून. चारदा आणलं. अकराव्या पानापर्यंत चौदा माणसं येतात, आणि तेरावं कोण होतं हे आठवायला मागं गेलं की पहिली सहा पुसून जातात. एकदा तर वाटलं, सांगून टाकावं, 'काका, मी खोटं बोलले.' पण दोन वर्षं 'वा वा' केल्यावर कुठल्या तोंडानं सांगणार? शिवाय खोली चांगली होती.

बर्फाचं प्रकरण तिसऱ्या वर्षीचं. गावात कुणी बर्फ पाहिलेला नाही, म्हणून कुणाला ती कादंबरी कळत नाही, असं काकांच्या मनानं घेतलं. मे महिन्यात ते भंडाऱ्याला गेले, बर्फाची अर्धी लादी घेतली, धानाच्या कोंड्यात घालून पोत्यात बांधली आणि बसच्या टपावर चढवली. बस निघाली तशी लादी वितळायला लागली आणि कोंड्याचं पाणी खिडक्यांतून आत यायला लागलं. एका बाईच्या नव्या लुगड्यावर ओघळ आला. कंडक्टरनं बस थांबवून विचारलं, "कोणाचं आहे थे? मेलेलं काय आणलं?" काकांनी त्याला खाली उतरून समजावलं की कडाक्याची थंडी हे त्या कादंबरीतलं एक पात्रच आहे. बस वीस मिनिटं उभी होती. दिघोरीला पोत्यातून निघाला तो लिंबाएवढा खडा. शाळेची मुलं जमली होती, काकांनी तो खडा हातात घेऊन भाषण सुरू केलं आणि दोन वाक्यांत हात रिकामा झाला. काकू म्हणाल्या, "मे महिन्यात पाणी आणलं, तेवढं बरं केलं."

हे सगळं मी हसून सोडलं असतं. माणूस वाईट नव्हता. मला ताप आला तर पाच कोस सायकल मारून औषध आणणारा होता. पण एक गोष्ट होती, आणि ती मला जसजशी कळत गेली तसतसा माझा राग वाढत गेला.

काकांचा धाकटा भाऊ शेजारीच राहायचा. मधे हातभर उंचीची मातीची भिंत. आणि नऊ वर्षं या दोघांत बोलणं नव्हतं. काकांची भाताची बांधी वरच्या अंगाला, धाकट्याची खाली. तलावाचं पाणी काकांच्या बांधीतून खाली उतरायचं. एका कमी पावसाच्या वर्षी काकांनी पाणी अडवलं, धाकट्यानं चिडून मधला धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडला, चार लोकांसमोर शब्दाला शब्द वाढला, आणि तेव्हापासून दोन्ही घरांत फक्त बायका बोलायच्या, त्याही भिंतीवरून, मीठ किंवा विरजण मागायच्या निमित्तानं. धाकट्याला मी 'धाकटे काका' म्हणायची. ठेंगणे, काळेसावळे, बोलायला उणे. शाळा दुसरीपर्यंत.

आणि इकडे काका कशावर रडायचे? तर त्या कादंबरीतल्या एका न पोचलेल्या चिठ्ठीवर. एवढं मला ऐकून ऐकून कळलं होतं. एका जमीनदाराचा मुलगा भांडून घर सोडून जातो. बाप बजावतो, त्याचं नाव या घरात काढायचं नाही. पुढं मुलाची माफीची चिठ्ठी येते आणि ती म्हाताऱ्या नोकराच्या हातात पडते. मालकाचा हुकूम मोडायचा नाही म्हणून नोकर ती देत नाही, आणि फाडवत नाही म्हणून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवतो. अकरा वर्षं. काकांच्या मते तो नोकर म्हणजे देवमाणूस. "काय सहन केलं असंल त्यानं, बाई! छातीवर चिठ्ठी घेऊन रोज मालकाले जेवण वाढाचं!" असं म्हणून डोळे पुसायचे, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून भावाचं खोकणं ऐकू यायचं.

एकोणऐंशीच्या होळीनंतर धाकटे काका मला शाळेच्या फाटकाशी भेटले. टोपी हातात घेऊन उभे. त्यांच्या मुलीचं लग्न वैशाखात ठरलं होतं.

"बाई, दादाले सांगान का?" ते म्हणाले. "मांडवात पोरीचा मोठा बाबा नसंल तर कसं दिसंल? पोरगी म्हणते, मोठ्या बाबाशिवाय मी उभी नाही राहत. मले त्याच्या दारात जाता येत नाही. तुम्ही त्याच्या पुस्तकातल्या आहा. तुमचं ऐकंल."

तुम्ही त्याच्या पुस्तकातल्या आहा! मला रडावं की हसावं कळेना. मी संध्याकाळी निरोप सांगितला. काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. मग पुस्तकावर हात ठेवून म्हणाले,

"येतो. पण त्याले म्हणा, पहिले हे वाच. सगळं. मंग दोन प्रश्न इचारतो. बरोबर सांगतलं, की मांडवात मी सगळ्यात पहिले."

इतक्या वर्षांत मी त्यांना उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "काका, लाज वाटायला हवी! कागदावरची चिठ्ठी पोचली नाही म्हणून तुम्ही नऊ वेळा रडलात. हा तुमच्या सख्ख्या भावाचा निरोप घेऊन मी समोर उभी आहे, आणि तुम्ही त्याची परीक्षा घेता?"

"म्हणूनच तर वाच म्हणून राहिलो," काका शांतपणे म्हणाले. "वाचलं की त्याले समजंल."

"काय समजेल?"

"समजंल," ते म्हणाले आणि पान उलटलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी हातातलं सूप असं आपटलं की कोंबड्या पळाल्या.

मला वाटलं होतं, धाकटे काका हे ऐकून थुंकतील आणि विषय संपेल. त्यांनी विचारलं, "किती पानं आहे?"

"साडेसातशे."

"मले तर बोर्ड वाचाले अर्धा घंटा लागते," ते म्हणाले. थोड्या वेळानं टोपी घातली. "बाई, तुम्ही तर वाचून बसल्या आहा. मले वाचून दाखवान का?"

अशा रीतीनं, ज्या पुस्तकापासून मी पाच वर्षं पळत होते ते मला मोठ्यानं वाचावं लागलं. भंडाऱ्याच्या वाचनालयाची प्रत आणली. सकाळची शाळा सुटली की जेवून धाकट्या काकांच्या अंगणात जायचं. मोहाच्या झाडाखाली बाज टाकलेली असायची. एका बाजूला त्यांची बायको आणि मुलगी लग्नाच्या कुरड्या घालायच्या, मी वाचायची, आणि धाकटे काका गुडघ्यांना मिठी मारून ऐकायचे. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून काकू आल्या. "मी ऐकाले नाही आली," त्यांनी जाहीर केलं, "कुरड्याले हात लावाले आली." बसल्या त्या शेवटच्या पानापर्यंत. ज्या घरात ते पुस्तक दहा वर्षं होतं तिथल्या बाईनं ते ऐकलं शेजारच्या अंगणात.

तीन मजली नावं धाकट्या काकांनी पहिल्याच दिवशी निकालात काढली. जमीनदार तो मालगुजार, नोकर तो दिवाणजी, जिन्यावर थांबणारी ती पायरीवाली. मला हे आधी कुणी सुचवलं असतं तर मी कॉलेजातच कादंबरी संपवली असती. ते कमी बोलायचे, पण बोलायचे ते नेमकं. दीडशे पानं झाल्यावर म्हणाले, "बाई, या लोकायले शेतात काम नसते का? बसूनच राहते."

"बर्फ असतो ना सहा महिने."

"मंग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी त्या लोकांना बसण्याबद्दल दोष दिला नाही.

लढाईचा भाग आला तेव्हा माझा धीर सुटला. लग्नाला तीन आठवडे उरले होते. "ही ऐंशी पानं गाळू या का?" मी विचारलं.

"गाळू नका, बाई. थो त्याच्यातलंच इचारंल. मी ओळखतो त्याले."

ऐंशी पानं ते लोक लढत राहिले. कोण कुणाच्या बाजूनं आहे हे मलाच कळेना. मधेच थांबून मी धाकट्या काकांना विचारायची आणि ते बरोबर सांगायचे.

चिठ्ठी कोटात शिवली जाते ते पान मी वाचलं त्या दिवशी कुरड्या तशाच राहिल्या. धाकटे काका उठले, गोठ्यात गेले, बैलाला तणस टाकली, बराच वेळ आत राहिले. बाहेर येऊन विचारलं, "किती वर्षं म्हणलं?"

"अकरा."

"आमचे नऊ झाले," ते म्हणाले. "वाचा समोर."

परीक्षेचा दिवस रविवारचा होता. धाकटे काका आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, पांढरी टोपी घालून नऊ वर्षांनी भावाची छपरी चढले. काका खाटेवर, मांडीवर पुस्तक, डोळ्यांवर चष्मा. मी दोघांच्या मधे, पर्यवेक्षकासारखी. काकू दाराआड. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच दोघांनी पुस्तकाकडे पाहिलं.

"पहिला प्रश्न," काका म्हणाले. "म्हाताऱ्या नोकराचं पूर्ण नाव, बापाच्या नावासकट."

"आमी त्याले दिवाणजी म्हणतो."

"आमी म्हणजे कोण?"

"बाई वाचत होत्या, आमी ऐकत होतो. मी, माझी पोरगी, तिची माय, आणि वहिनी."

दाराआड बांगड्या वाजल्या. काकांनी चष्मा काढला. "म्हणजे तू वाचलंच नाही! बाईनं त्यांचं वाचलेलं तुले सांगतलं."

"नाही गा, दादा. बाईबी पयल्यांदाच वाचत होत्या. लढाईत तर मलेच इचारत, हा आपला का त्यायचा."

पाच वर्षं जपलेलं खोटं त्या भोळ्या माणसानं एका वाक्यात अंगणात आणून टाकलं. मी तोंड उघडलं, पण दहा-बारा वाक्यांपैकी एकही तिथं चालणारं नव्हतं.

काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मले मालूम होतं."

"केव्हापासून?" मी विचारलं.

"पहिल्या पावसाळ्यापासून. मी एक दिवस मुद्दाम खोटा प्रसंग सांगतला. तुम्ही म्हणल्या, त्याले तोड नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "जाऊ द्या. बाकीचे तर वा वा बी करत नोते. दुसरा प्रश्न. दिवाणजीनं, म्हणजे त्या नोकरानं, चिठ्ठी ठेवली ते चूक का बरोबर?"

"चूक," धाकटे काका म्हणाले.

"चूक? अरे, मालकाचा हुकूम होता!"

"हुकूम होता तर मंग फाडाची होती. ठेवली कायले? ठेवली म्हणजे त्याले माहीत होतं का द्याची आहे. अकरा वर्षं माहीत होतं. रोज भात वाढते अन् देत नाही. असा कसा देवमाणूस?"

"त्याच्या मनात काय चाललं होतं ते पाह्य ना! तीनशे बारा पान काढ!"

"मनात ठेवून काय करू? बाप मेल्यावर दिली तर कोणाच्या कामाची?"

"तुले समजलंच नाही!"

"तुलेच समजलं नाही! नऊ खेपा वाचून नाही समजलं!"

काका उभे राहिले, धाकटेही उभे राहिले. दोघांचे आवाज वाढत गेले. रस्त्यावरून जाणारे थांबले. नऊ वर्षांनी हे दोघं भांडताहेत हे पाहून कुणीतरी धावत सरपंचाला बोलवायला गेलं. लोकांना वाटलं, धुऱ्यावरून पेटलं. इथं मालगुजार, पायरीवाली, घोडे, बर्फ आणि दिवाणजी यांच्यावरून तासभर रण माजलं होतं. शेवटी काका खाटेवर धप्पकन बसले.

"नापास!" ते ओरडले.

"नापास तर नापास," धाकटे काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "पण लग्नाले येशील का नाही थे सांग."

"येतो ना! तुले समजावाले यावंच लागंल! आठ दिवस राहीन मांडवात!"

काकू बाहेर आल्या. त्यांचे डोळे लाल होते, पण आवाज नेहमीचा होता. "दोघंबी जेवून घ्या," म्हणाल्या. "उपाशीपोटी रशिया संपत नाही."

लग्नात काका सगळ्यांत पुढं होते हे खरं. पण मुलाच्या वडिलांना त्यांनी एका कोपऱ्यात गाठलं आणि दिवाणजी चूक की बरोबर हे विचारलं. मंगलाष्टकं सुरू झाली तरी व्याही तिथंच अडकलेले. मुलीला आहेर म्हणून ते पुस्तक द्यायचा काकांचा बेत काकूंनी आदल्या दिवशीच मोडून काढला होता. मला त्या मांडवात इतका राग आला होता आणि इतकं बरं वाटत होतं की जेवताना मी दोनदा ठसकले.

धुऱ्याचा वाद कधीच मिटला नाही. त्यावर कुणी बोललंच नाही. पण त्या पावसाळ्यापासून धाकटे काका रोज सकाळी वरच्या बांधीत यायचे, दिवाणजीवरून भांडायचे, आणि जाताना पाण्याची वाट पायानं मोकळी करून जायचे. काका बघायचे आणि तीनशे बारा पानाबद्दल बोलत राहायचे.

ऐंशी साली माझी बदली भंडाऱ्याला झाली. पुढं लग्न झालं, नवऱ्याची नोकरी जवाहरनगरला, आम्ही तिथल्या क्वार्टरमध्ये राहायला गेलो. वर्षा-दोन वर्षांनी दिघोरीला चक्कर व्हायची. दोघं भाऊ छपरीत बसून भांडताना दिसायचे. मी आले की काका विजयानं म्हणायचे, "आता याले विचारा, बाई! आता जरासा वळून राहिला." धाकटे काका म्हणायचे, "मरेपर्यंत नाही वळत." मला चहा द्यायचं भान दोघांनाही नसायचं. परत येताना मी दर वेळी ठरवायची, आता पुन्हा जायचं नाही.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात काका गेले. सकाळी छातीत कळ आली, बैलगाडी जुंपेपर्यंत संपलं होतं. पत्र उशिरा मिळालं, मी तेरवीला पोचले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, "पुस्तक नेता का, बाई?" मी इतक्या घाईनं 'नको' म्हणाले की त्यांना त्या अवस्थेतही हसू आलं.

पंगती उठल्यावर मी मागच्या अंगणात हात धुवायला गेले. धाकटे काका तिथं एकटेच उकिडवे बसले होते. डोकं भादरलेलं, त्यामुळे आणखीच लहान दिसत होते. मी शेजारी टेकले.

"बाई," ते म्हणाले, "एक गोष्ट सांगू? वहिनीले सांगू नका. मले थे पुस्तक कधी आवडलंच नाही."

मी विचारलं, "मग आठ वर्षं रोज येऊन भांडत कशाला होतात?"

त्यांनी जमिनीवरची एक काडी उचलली, मोडली, दोन तुकडे जवळजवळ ठेवले.

"दुसऱ्या कायच्यावर बोलत होता का थो?"